सायप्रसला जाण्यापूर्वी परत करायचे डबे

"या देशात तुमचं टपाल स्वीकारणारं कोणी आहे का?" असा प्रश्न मला फोनवर विचारण्यात आला, तेव्हा मी उभा होतो, आणि उत्तर देण्यासाठी बसावे असे वाटून खुर्ची शोधू लागलो. खुर्च्या मी आदल्याच आठवड्यात देऊन टाकल्या होत्या.

माझ्या निवृत्तीचे पैसे ज्या संस्थेकडे आहेत, तिथल्या एका तरुण मुलीचा तो फोन होता. संभाषण अर्थात इंग्रजीत चालले होते आणि तिचा स्वर अतिशय सौम्य होता. मी देश सोडून सायप्रसला राहायला जाणार, हे तिला मान्य होते. पण खात्याची कागदपत्रे पाठवण्यासाठी अमेरिकेतला एक पत्ता असणे संस्थेच्या नियमाने आवश्यक होते. भाड्याची टपालपेटी चालणार नव्हती. राहते घर हवे होते, ज्यात माणसे राहतात असे.

"नातेवाईक, मित्र, कोणीही चालेल," ती म्हणाली.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो.

"सावकाश सांगा, सर," असे म्हणून तिने फोन ठेवला; मात्र सावकाश सांगण्याइतका अवधी माझ्याकडे नव्हता. श्रूजबरीतले घर विकले गेले होते, नवे मालक महिनाअखेरीस येणार होते, सायप्रसचा निवासी परवाना हातात होता, विमानाचे तिकीटही काढले होते. सर्व तयारी झाली होती आणि ती या एका ओळीपाशी अडली होती. पत्ता मिळाला नाही तर खाते गोठणार होते, आणि त्या खात्याशिवाय बेटावर माझा निभाव लागणे शक्य नव्हते.

एखाद्या माणसाने एकाच गावात आयुष्याचा मोठा भाग काढावा आणि त्याला तिथला एक पत्ता मागता येऊ नये, हे वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. मला ते विचित्र वाटले नाही. लाज मात्र वाटली.

सायप्रसच का, असे मला फार थोड्या लोकांनी विचारले, आणि ज्यांनी विचारले त्यांना मी हवामानाचे कारण सांगितले. ते खोटे नाही. मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात अंगणातला बर्फ उपसण्याचे माझे वय राहिलेले नाही. पण खरे कारण निराळे आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका परिषदेच्या निमित्ताने मी तिथल्या लार्नाका शहरात गेलो होतो. संध्याकाळी समुद्राकाठच्या रस्त्यावर एकटाच फिरताना माझ्या लक्षात आले की, आपल्याला संकोच वाटत नाही आहे. बाकावर एकटा बसलेला परका माणूस पाहून तिथे कोणाला काही वाटत नव्हते; परक्याने एकटे असावे, यात नवल ते काय? आपल्या माणसांत एकटे असणे ही उणीव ठरते, परक्यांत ती केवळ स्थिती असते. पत्नी गेल्यानंतर हा विचार माझ्या मनात पुन्हा पुन्हा येऊ लागला आणि अखेर परवान्यासाठी मी तिथल्या एका वकिलाला पत्र लिहिले.

माझी पत्नी होती तोवर हा प्रश्नच नव्हता, कारण माणसे हा तिचा विभाग होता. श्रूजबरी-वूस्टरच्या परिसरातली आमच्या समाजातली कुटुंबे महिन्यातून एकदा कुणाच्या तरी तळघरात बुद्धवंदनेसाठी जमत, एप्रिलमध्ये शाळेचा हॉल भाड्याने घेऊन जयंती होई, आणि या सगळ्याच्या मध्यभागी ती असे. मी खुर्च्या मांडत असे. खुर्च्या मांडणाऱ्याला कोणाशी फार बोलावे लागत नाही, आणि तो काही करत नाही असेही कोणाला म्हणता येत नाही. परतताना गाडीत ती मला सांगे, कोणाच्या मुलीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, कोणाची आई नागपूरहून आली आहे. मला माणसे तिच्याकडून कळत. ती गेली तेव्हा बातम्याच थांबल्या.

घर रिकामे करताना मी तळघरापासून सुरुवात केली होती. तिथे आमचा जुना मिक्सर निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा इकडे येताना तिने तो कपड्यांत गुंडाळून आणला होता. इथल्या विजेवर तो चालेना, म्हणून एक अवजड ट्रान्सफॉर्मर घेतला. तो इतका तापे की चटणी वाटून होईपर्यंत स्वयंपाकघरात लोखंड तापल्याचा वास येई. पुढे इथला मिक्सर घेतला आणि तो खोक्यात गेला. सायप्रसमधली वीज आपल्यासारखीच असते, फक्त प्लग बदलावा लागतो, हे मी वाचून ठेवले होते. सोबत न्यायच्या वस्तूंत मी तो घेतला. तिथे गाडीही डावीकडून चालते. माझ्या तारुण्यातली स्कूटर डावीकडून चालायची, त्यामुळे ही दोन गोष्टींची सोय मला घरी परतल्यासारखी वाटली. घर मात्र तिथे कुठे नव्हते.

मिक्सरच्या मागे, लाकडी मांडणीवर, डबे होते.

ते तिथे आहेत हे मी विसरलो नव्हतो. त्यांच्याकडे पाहायचे मी टाळत होतो. पत्नी गेली त्या दिवसांत आमच्याकडे चूल पेटली नाही, ती पेटवणारे कोणी नव्हतेच. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणवंदनेच्या, कार्यक्रमापर्यंत आणि त्यानंतरही कितीतरी दिवस लोक डबे आणून देत राहिले. पिठलं, भाकरी, वरण, मऊ भात, एकदा नुसती मुगाची खिचडी. दार उघडावे तर कोणीतरी डबा हातात देऊन, खांद्यावर हात ठेवून, निघून जाई. मी कोण आले, कोणी काय आणले, याची नोंद ठेवली नाही. डबे घासून, पुसून, उपडे घालून ठेवत गेलो.

आणि ते परत केले नाहीत. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करू नये, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. माझी आई शेजारच्या घरची वाटीसुद्धा रिकामी धाडत नसे. घरात काही नसेल तर साखरेचे चार दाणे घाली. पण मला काही करता येत नव्हते. त्या वयापर्यंत मी चहापलीकडे काही केले नव्हते. बाजारातून मिठाई आणून भरावी, तर ज्या दिवसांचे ते डबे होते त्या दिवसांना मिठाई शोभत नव्हती. म्हणून ठरवले, आधी काही करायला शिकू आणि मग देऊ.

शिकायला फार वेळ लागला. पहिला शिरा मी केला तो भिंतीला लावता आला असता. पोह्यांचा चिवडा करायला घेतला तर पातळ पोहे आकसून चुरा झाले, कारण ते आधी कोरडे भाजून घ्यायचे असतात हे मला माहीत नव्हते. पुढे व्हिडिओ पाहून, वहीत उतरवून, आच कमी-जास्त करून, दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत मला बरा चिवडा जमू लागला. तोवर इतके दिवस लोटले होते की, आता डबा घेऊन कोणाच्या दारात उभे राहायचे म्हणजे उशिराचे स्पष्टीकरण द्यावे लागणार होते. त्या भीतीने आणखी काही महिने गेले. वंदनेला जावे तर तिथे डब्यांचे मालक भेटणार, म्हणून मी वंदनेला जाणेही सोडले. सुरुवातीला फोन येत. मग संदेश येऊ लागले. मग सणावाराचे, सर्वांना एकदम पाठवलेले संदेश तेवढे उरले.

आता मात्र निघायचे होते. दुसऱ्यांची भांडी घेऊन देश सोडता येत नाही, हे तर होतेच. पण फोनवरच्या त्या मुलीनंतर मला हेही कळले की, ज्यांच्याकडे पत्ता मागता येईल अशी जी काही दारे या गावात होती, ती सर्व त्या मांडणीवर उपडी ठेवलेली होती.

मी परातभर चिवडा केला.

डबे कोणाचे हे ठरवणे हे पहिले काम होते. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात, त्याचा मोठा उपयोग झाला. पण स्टीलवर ठिपक्यांनी कोरलेली ती नावे, एक वगळता, इथल्या कोणाचीच नव्हती. ती सासऱ्यांची, आजोबांची, लग्नात आहेर देणाऱ्या मामांची होती. आडनावांवरून मी अंदाज बांधत गेलो. काहींवर नेलपॉलिशच्या खुणा होत्या, त्या मला कधीच उलगडल्या नसत्या, पण पत्नीच्या फोनमधल्या जुन्या फोटोंत, सहलीच्या चटईवर, ते डबे आपापल्या मालकिणींसमोर उघडे बसलेले दिसले.

दोन शनिवार-रविवार मी गाडीत डबे घेऊन फिरलो. एका घरी दार उघडले गेले नाही. मी डबा पायरीवर ठेवून आलो आणि संध्याकाळी फोनवर जोडलेल्या हातांचे चित्र आले. एका घरात वेगळीच माणसे राहत होती. ते कुटुंब टेक्सासला गेल्याला वर्ष झाले, असे त्यांनी सांगितले. मला ते ठाऊक नव्हते. बाकीच्या घरी माझे स्वागत झाले आणि ते इतके चांगले झाले की, मला पत्त्याचे विचारताच आले नाही.

"काका, एवढं कशाला? डब्याचं काय घेऊन बसलात!"

"सायप्रस म्हणजे ग्रीसमध्ये ना? वॉव. आम्हाला बोलवा हं."

"तुम्ही चिवडा केला? स्वतः? अहो, हे बघा, काकांनी चिवडा केलाय. तुम्हाला साधा टोस्ट येत नाही."

प्रत्येक ठिकाणी चहा झाला, प्रत्येक ठिकाणी पत्नीची आठवण निघाली, आणि प्रत्येक ठिकाणी मी निघताना बुटात पाय घालत म्हणणार होतो की, माझे एक छोटे काम होते. बुटात पाय गेला की माणसे दार उघडतात आणि थंडी आत येते. तेवढ्यात वाक्य पूर्ण करण्याइतका मी चपळ नाही.

एक डबा मी चुकीच्या घरी दिला. मध्यम आकाराचा, जाड पत्र्याचा, वर फक्त दोन अक्षरे. अंदाजाने मी तो एका तरुण दांपत्याकडे नेला. त्यांनी काही न बोलता घेतला. दुसऱ्या दिवशी कामावर जाता जाता त्यातली मुलगी माझ्या दारात आली. गाडी चालूच ठेवली होती.

"काका, रागावू नका, पण हा डबा आमचा नाही. काल तुम्हाला म्हणवेना." ती हसली. "चिवडा मात्र आमचाच समजून संपवला."

डबा जड लागला. उघडला तर आत बेसनाचे लाडू.

"अहो, हे कशाला?"

"मग? रिकामा कसा आणणार?"

मी तेव्हा विचारायला हवे होते. ती दारात होती, हसत होती. पण तिची गाडी रस्त्यावर धूर सोडत उभी होती, आणि मी, "सांभाळून जा, घसरडं आहे," एवढेच म्हणालो.

दोन अक्षरांचा तो सोडता शेवटी एक मोठा डबा उरला. त्यावर कोरलेले नाव मला ओळखता येत होते, कारण ते ज्यांचे त्या बाई स्वतः तो घेऊन आल्या होत्या आणि तेवढ्या मला आठवत होत्या. आमच्या वंदनेच्या गटातल्या एका तरुण इंजिनियरची ही आई. वर्ध्याजवळच्या खेड्यातली, पती गेल्यावर मुलाकडे कायमची राहायला आलेली. माझी पत्नी त्यांना मावशी म्हणे, म्हणून मीही म्हणतो. इतर सर्व डबे दिल्यावर मी त्यांच्याकडे गेलो, कारण त्यांच्याकडे जायला मला सर्वांत अधिक संकोच वाटत होता. तो डबा त्यांच्या लग्नातला होता.

दार मुलाने उघडले. "जय भीम, काका. या, या. कॉल तरी करायचा, मी पिक करायला आलो असतो."

मावशी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लसूण सोलत होत्या. मी डबा समोर ठेवला. त्यांनी आधी त्यावरचे नाव बोटाने चाचपले, मग झाकण काढले.

"चिवडा? कोणं केला?"

"मीच."

त्यांनी चिमूटभर तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला. "मीठ कमी हाय. दाणे चांगले तळले." मग झाकण लावून माझ्याकडे पाहिले. "इतके दिवस डबा दाबून बसले अन् आता चिवडा घेऊन आले. काऊन जी?"

"रिकामा कसा द्यायचा, मावशी? मला काही करता येत नव्हतं. शिकेपर्यंत वेळ लागला."

त्यांच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. "म्हणजे हे शिकाले बसले होते तुम्ही?"

"हो."

"तुमाले कोणं सांगतलं असं?"

"आई म्हणायची. डबा रिकामा परत करू नये."

"अहो, तो सुखाच्या घरचा कायदा हाय. बारशाचा, दिवाळीचा. दुःखाच्या घरून डबा धुवून रिकामाच द्या लागते. ज्याच्या घरची चूल इझली, त्यानं माह्यासाठी रांधावं म्हणून धाडलं होतं का मी पिठलं?"

मुलगा फ्रिजपाशी उभा होता. तो हसत म्हणाला, "आई, हे कुठं लिहिलंय?"

"लिव्हून ठेवा लागते का? अक्कल नाही का माणसाले?"

ही समजूत त्यांच्याच गावची असेल किंवा सर्वत्र असेल. माझ्या आईला ती ठाऊक असेल आणि सांगण्याची वेळ आली नसेल. तळघरातली ती मांडणी माझ्या डोळ्यांसमोर आली. मी ज्याला ऋण समजत होतो, ते देणाऱ्यांनी कधी मांडलेच नव्हते. नुसते घासून, पुसून, दुसऱ्याच दिवशी दारोदार दिले असते, तरी चालले असते. प्रत्येक दारात दोन शब्द झाले असते. दोनच्या पुढे कदाचित चार.

"आमाले वाटलं," मावशी लसूण पुन्हा सोलू लागल्या, "तुमाले माणसंच नको झाले. डबा मागाले यावं, तर तुम्ही म्हणान, डब्यासाठी आली म्हातारी. म्हणून नाही आलो."

सूनबाई जिन्यावरून खाली आल्या होत्या आणि चहा ठेवत होत्या. त्यांनी विषय बदलला. तयारी कुठवर आली, सामान जहाजाने जाणार की विमानाने, औषधे किती महिन्यांची घेतली, असे त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेलो. बोलता बोलता चहा संपला. बूट दारापाशी होते. या वेळी मी उठलो नाही. कपातल्या गाळाकडे पाहत मी म्हणालो, "मला एक विचारायचं होतं."

मी फोनचा प्रकार सांगितला; जरा लांबण लागली असावी, कारण अडचणीचे सांगताना मी नियम फार तपशिलाने सांगतो. शेवटी म्हणालो, "तुमच्या घराचा पत्ता दिला तर चालेल का? टपाल फार येणार नाही. वर्षातून काही पाकिटं."

नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले. ते पाहणे मला लगेच कळले. माझे सगळे आयुष्य तसल्या पाहण्याचा अंदाज घेण्यात गेले आहे.

"काका, प्रॉब्लेम काहीच नाही," सूनबाई म्हणाल्या, "पण आम्हीच मूव्ह होतोय. याला वेस्ट कोस्टला, फ्रीमाँटला जॉब मिळालाय. अजून कुणाला सांगितलं नाही. मुलांची शाळा संपली की निघणार."

"अरे वा. अभिनंदन," मी म्हणालो आणि उठलो. "मग राहू दे. मी बघतो दुसरीकडे."

"बसा," मावशी म्हणाल्या.

मी उभाच होतो.

"बसा म्हणते ना. उठाले काय झालं? दुसरीकडे कुठं बघान? असतं कोणी, तर आमच्याकडे आले असते का तुम्ही?"

"आई," मुलगा ओशाळून म्हणाला.

"खरं तेच बोलते. ह्या पोराचा तिकडचा पत्ता द्या. पाकीट चालत नाही येत, तेले दूर काय अन् जवळ काय."

मुलाने खिशातून फोन काढला. "हो ना, तिकडचा ॲड्रेस देतो की. टाउनहाऊस फायनल झालंय. तुमचं काम अर्जंट असेल, तर मी मेल फॉरवर्ड करून घेईन तोपर्यंत."

"पण ते घर तर मी..." मला म्हणायचे होते की, जे घर मी पाहिलेले नाही त्याचा पत्ता माझा म्हणून कसा देऊ.

"आम्ही तरी कुठं पाहिलंय, काका? व्हिडिओ कॉलवर घेतलंय. हिला किचन आवडलं, मला गॅरेज."

"पाकीट आलं की फोटो काढून पाठवीन," सूनबाई म्हणाल्या. "फक्त उघडायचं की नाही, ते आधी सांगून ठेवा."

"उघडा," मी म्हणालो. "माझ्या टपालात खासगी असं काही नसतं."

हे वाक्य मी सोय म्हणून बोललो होतो. बोलून झाल्यावर त्यांचे चेहरे पाहून मला कळले की, ते त्यांना तसे ऐकू आले नव्हते. मावशींनी सोललेला लसूण वाटीत ओतला आणि ती वाटी उगाच इकडून तिकडे सरकवली.

निघताना मी त्यांना तो दोन अक्षरांचा डबा दाखवला. लाडू संपल्यावर घासून गाडीत ठेवला होता. त्यांनी उजेडात धरून पाहिला, पत्रा वाजवून पाहिला.

"ह्या गावातल्या कोणाचा नाही हा. भांडं जुनं हाय. तुमच्या दारात कोणं दिला?"

"आठवत नाही. त्या दिवसांत मी चेहऱ्यांकडे पाहिलं नाही."

"त्यात काय होतं?"

मी आठवू लागलो. फारसे आठवले नाही. एवढेच आठवले की, आतले अन्न गरम होते आणि मी ते उभ्यानेच खाल्ले होते.

"कोणी विचारलं, तर काय सांगू?" मावशी म्हणाल्या.

"माझ्याकडे आहे, म्हणून सांगा. माझा पत्ता आता तुमच्याकडेच असेल."

त्या रस्त्यापर्यंत सोडायला आल्या नाहीत, गुडघे दुखतात. खिडकीतून हात केला. गाडी वळवताना माझ्या मनात आले की, उन्हाळ्यानंतर या खिडकीतही कोणी नसेल, आणि श्रूजबरीत मला ओळखणारे घर म्हणून जे अखेर सापडले, ते मला सापडले त्याच दिवशी गावातून निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेला फोन केला. योगायोगाने तीच मुलगी होती, किंवा त्याच सौम्य स्वराची दुसरी. मी फ्रीमाँटचा पत्ता सावकाश, एकेक अंक उच्चारत सांगितला. तिने तो परत वाचून दाखवला.

"आणि यांचं तुमच्याशी नातं? मित्र की कुटुंबातले?"

"मित्र," मी म्हणालो. अधिकृत ठिकाणी अचूक उत्तर द्यावे, ही माझी सवय आहे. पलीकडे कळा दाबल्याचा आवाज झाला. तेवढ्यात मला सुचले की, तो मुलगा मला काका म्हणतो. इथे सगळीच मुले सगळ्यांनाच काका म्हणतात, त्यात विशेष काही नाही.

"थांबा," मी म्हणालो. "बदलता येईल का? कुटुंबातले, असं लिहा."

"नक्की?"

"हो. लिहा."

तिने लिहिले आणि पुढच्या प्रवासासाठी शुभेच्छा दिल्या. काम झाले होते. मला आता जाता येणार होते. जाऊ नका असे म्हणणारे कोणी नव्हते, आणि मी ज्यांच्याकडे पत्ता मागितला तेही जाणारेच होते.

शेवटच्या सकाळी बॅगेत मिक्सर ठेवला. प्लग आधीच कापून टाकला होता. नवा तिथे गेल्यावर बसवीन. त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळले आणि कोपऱ्यात जी मोकळी जागा राहिली, तिथे तो दोन अक्षरांचा डबा बसला. एवढी जागा रिकामी का न्यायची, म्हणून सवयीने उरलेला चिवडा त्यात भरायला घेतला. मूठभर घातलाही. मग तो परत पिशवीत काढला, डबा पुसला, आणि झाकण लावून तसाच बॅगेत ठेवला. ज्या कोणाचा असेल त्याने कधी विचारले, तर तो कसा द्यायचा हे आता मला ठाऊक आहे.